पैसे बाकी

चाँदपाशाच्या भंगारात ते उताणं पडलेलं,
आत एक खुडूक कोंबडी.
"रेडू आहे साहेब," तो म्हणाला.
मग जरा थांबून, "म्हणजे, होता."
कोंबडी आपणहून उठेपर्यंत उभा राहिलो.
अंडी त्याची, खोकं माझं,
दीडशे रुपये.

मागचा पत्रा नाही. चासी नाही.
बटनांच्या जागी तीन भोकं,
काचेच्या जागी आडवी फट,
आणि सागाच्या फळीला वास
शेणाचा, रॉकेलचा, कसल्यातरी अत्तराचा.

घरी नेऊन ओल्या फडक्यानं पुसत होतो,
तर आतून, वरच्या फळीला, पेन्सिलीची उर्दू ओळ.
उर्दू मला बोलता येते, वाचता येत नाही.
फोटो काढून परत त्याच्याकडं.
चष्मा कपाळावर चढवून त्यानं वाचलं,
"इमामोद्दीन. एक बल्ब बदला. आवाज़ साफ़.
पैसे बाकी. सन १३५७ फ़सली."

फसली म्हणजे नेमकं कधी ते
दोघांनी बोटांवर मोजलं.
साल निघालं तसा तो बोलायचा थांबला.
मीही.
मग त्यानं पोराला हाक मारून
दोन चहा सांगितले.

उदगीरच्या त्या गल्लीत तेव्हा खांब नव्हते.
हे बॅटरीवरचं खोकं.
मी तेहतीस वर्षं खांबावर चढलो,
लोकांना उजेड दिला म्हणून कुणी लक्षात ठेवलं नाही,
तोडला तेव्हा मात्र नावानिशी शिव्या.
आता गुडघे चढू देत नाहीत.
खाली बसून करता येईल असं काम हवंच होतं.

चार वॉल्व्ह हैदराबादेत मिळाले, जुमेरात बाजारात,
कापसात गुंडाळलेले, दातांच्या डॉक्टरकडं असतात तसे.
जळक्या पंख्याची तार उकलून कॉइल गुंडाळली.
एकशे दहावा वेढा घालताना प्रयाग म्हणाली, "जेवा,"
आणि आकडा गेला. परत एकपासून.
स्पीकरला कापड लागत होतं,
माझ्या खाकी पँटचा मांडीवरचा तुकडा लावला.
नऊ व्होल्टचे दहा सेल एकापुढं एक.
दुकानदार म्हणाला, "काका, एवढ्यात नवा मोबाइल येतो."
मी म्हणालो, "मोबाइल आहे की."

सगळं जोडून कान लावला.
हे वॉल्व्ह दिव्यासारखे पेटत नाहीत,
फार तर अंधारात एक केस तांबूस दिसतो.
आणि आवाज?
नुसती करकर.
शेजारच्या स्वस्त बल्बांची, बोअरच्या स्टार्टरची,
टीव्हीच्या डब्यांची, चार्जरांची.
माझ्याच तारांनी खाल्लं होतं सगळं.
अकरा दिवस जोड तपासले. जोड बरोबर होते.

बाराव्या रात्री लाईट गेली.
सबस्टेशनचाच फॉल्ट असणार,
पूर्ण भाग काळा.
सवयीनं उठून चपला घातल्या,
मग आठवलं, रिटायर झालोय.

तेवढ्यात खोक्यातून कुणीतरी खाकरलं.

एक माणूस, लांबवरचा, पाण्याखालून बोलावा तसा,
सावकाश काहीतरी मोजत होता.
मला एक अक्षर कळेना.
प्रयाग अंधारात चाचपडत आली, टेकली,
आणि एकदम हसली.
"कानडी आहे ओ. भाव सांगतोय. तोगरी म्हणजे तूर."
तिचं माहेर भालकीकडचं.
पंचेचाळीस वर्षांत माझ्यासमोर
ती एक शब्द कानडी बोलली नव्हती.
आता त्या माणसामागून पुटपुटत राहिली,
तोगरी, जोळा, कडली,
तूर, ज्वारी, हरभरा,
आणि भाव ऐकून एकदा "अगं बाई" म्हणाली.

मी बॅटरीच्या उजेडात पेन्सिल घेतली.
इमामोद्दीनच्या ओळीखाली लिहिलं,
चार बल्ब बसवले. आवाज येतो.
माझं नाव, तारीख.
पैशांचं काय लिहावं ते सुचेना,
त्याचे कुणी दिले का, कुणाला दिले,
की तो भाग पुसूनच गेला त्या सालात.
पेन्सिल तशीच धरून बसलो.

मग लाईट आली.
गल्लीतली पोरं ओरडली,
आणि तूर अर्ध्या भावावरच बुडाली.
प्रयाग म्हणाली,
"बंद करा की हो त्यांची, जरा वेळ."