मुठीविषयी, मुख्यतः

बस. त्रोन्हाइमहून आलास ना?
बॅग उघडण्याआधी बूट झटक,
तुमचा बर्फ वितळतो आणि घसरते मी.

एकतीस वर्षं कॉड चिरलाय, खाली त्या पिवळ्या शेडमध्ये.
शेड बंद आहे. पत्र्यावर आता कुरव पक्षी भांडतात.
पण वार्दो बंदरातल्या निम्म्या सुऱ्या
अजून शनिवारी माझ्याच ओट्यावर येतात,
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, धारेला.
म्हणून सांगते. लिहून घे.

ही. पातं चांगलंय, नाही म्हणत नाही.
पण टाचेशी हा पोलादी गठ्ठा कुणाला सुचला?
सहाणेवर तो आधी टेकतो, धार मागे राहते.
सहा वर्षांत पातं झिजेल, गठ्ठा झिजणार नाही,
फळीवर ठेवली की खालून उजेड दिसेल.
मग चिर कांद्याची पात:
चिरली म्हणून उचलावी
तर सगळी एकमेकीला धरून, माळ.

ही अर्धी धार, अर्धी करवत.
जोर कुठे लागतो रे हाताचा? मुठीजवळ.
आणि नेमके तिथेच दात!

मुठीला बोटांच्या खाचा. कुणाच्या बोटांच्या?
ओडनीचा पंजा शाळकरी पोरीचा,
टोर्लाइफचा वल्ह्याएवढा,
आणि जानेवारीत आम्ही सगळेच
लोकरीच्या मोज्यांवर रबरी मोजे चढवतो.
ह्या खाचांत बसणारा एकच माणूस असेल,
तुमच्या कचेरीत, हीटरशेजारी.

म्यानाच्या तळाला भोक नाही.
खारं पाणी आत जातं, तिथेच राहतं,
आणि सोमवारी सुरी बाहेर येते ती तांबेऱ्याची चव घेऊन.
एक भोक. खिळा तापवून मीच पाडते,
लोक मला त्याचे पैसे देतात,
मला लाज वाटते, घेते.

पात्यावर पोलादाचा नंबर एवढा मोठा,
जणू मासा वाचून मान पुढे करणार आहे.
ह्याला बाटली उघडायचं नाक,
ह्याला स्क्रू पिळायचं टोक, ह्याला मोजपट्टी,
एक ना धड भाराभर चिंध्या.
आणि काळा रंग! सुरीला सुतक कसलं?

काय लपवतोयस?
काढ. नारिंगी मूठ आहे, दिसली मला.
तुला वाटलं हिच्यावर मी सगळ्यात जास्त तोंडसुख घेईन.
घेतलं असतं.
घेत होतेच, एलर्टसमोर, ह्याच टेबलाशी:
खेळणी असतात नारिंगी, म्हटलं,
बर्चच्या गाठीची मूठ बघ, तपकिरी, मधासारखी,
आणि माझ्या भावाने स्वतः कोरून घेतली तशी.

सूर्य उगवतच नाही त्या दिवसांत
गळाची दोरी त्याच्या मनगटाला वेढा घालून सुटली.
सुरी काढली, हात बधिर, सुरी पडली.
डेक तपकिरी. आतडी, रक्त, भिजलेलं लाकूड, सगळं तपकिरी.
तो गुडघ्यांवर चाचपत होता
त्या सुंदर मुठीला.
शेवटी टोर्लाइफने दोरी कापली, हवी होती त्याहून उशिरा.
दोन बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं.
एलर्ट म्हणतो, तीनांवर सगळं भागतं,
आणि मला कधी काही म्हणाला नाही,
हे मात्र मला खुपतं.

तर हिच्या रंगाविषयी माझं काही म्हणणं नाही.
ठेव ती तिथे, खिडकीपाशी.
किती? दोन देऊन जा.

कॉफी ओत, किटली जड आहे.
ती पहिली दे इकडे, गठ्ठा घासून काढते,
तुमच्या साहेबांना दाखव म्हणावं
सुरी अशी असते.

आणि ही नारिंगी,
हातमोज्यात धरून बघितली मी आत्ता:
मूठ जरा बारीक आहे.
लिहिलंस?