दोन भोकं

आधी अंगठी काढ, बाबा म्हणाले.
मी हसले. माझ्या बोटात अंगठी कुठली आता?
मग घड्याळ काढ.
पाना एका टोकाला टेकला, मनगट दुसऱ्या,
की धातू कुणाची ओळख ठेवत नाही.

मार्च महिना, ब्रोकन हिल,
पत्र्याच्या शेडमध्ये सावलीतही अडतीस.
डॉट रस्मसनच्या लिलावात घेतलेला कॅम्पर ट्रेलर,
गादीला अजून तिच्या कुत्र्याचा वास.
पालथ्या बादलीवर क्लेम ट्रेगोनिंग, माझा बाप,
कानामागे पेन्सिल,
तीन शब्द, एक श्वास,
तीन शब्द, एक श्वास.

बॅटरी होती पलंगाखाली,
उशीच्या बरोब्बर खाली,
बंद फळीत, कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधलेली.
बाबांनी वाकून पाहिलं, शिट्टी मारायला गेले,
शिट्टी आली नाही.
"ह्यावर झोपायची ती?"

आधी ऋण तार सोडवली, मग धन.
बसवताना उलट, ऋण शेवटी.
हे त्यांनी मला चारदा सांगितलं
आणि पाचव्यांदा विचारलं.
अठ्ठावीस किलो. बहुतेक सगळं शिसं.
इथल्याच जमिनीतलं असेल, मी म्हटलं.
"मीच काढलेलं असेल."
आणि हरवून परत आलेल्या मेंढीवरून फिरवावा
तसा तिच्यावरून हात फिरवला.

नवी पेटी पुढच्या दांडीवर, बाहेर.
झोपायच्या जागेशी तिचं फटीएवढंही नातं नको.
पट्टा असा आवळ
की ट्रेलर उलटला तरी ती जागची हलू नये.
पत्र्यातून तार जाते तिथे रबराची कडी घाल,
नाहीतर पत्रा हजार किलोमीटर
तार चावत बसेल.
फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर,
पण पेटीच्या बाहेर.
"आत ठिणगी नाही. कसलीच नाही."

मग भोकं.
एक खाली, एक वर, समोरासमोरच्या भिंतींना.
खालच्यातून बाहेरची हवा येते,
वरच्यातून जाते ती,
जी चार्ज होताना बॅटरी सोडत राहते:
रंग नाही, वास नाही, वजन जवळजवळ नाहीच.
कोंडली तर छपराशी जाऊन बसते
आणि वाट बघते.

"खाणीतही हेच.
हवेला यायला वाट.
हवेला जायला वाट.
आमच्या पाळीत दुसरी बुजली होती,
आणि वरच्या लोकांना
ते माहीत..."

वाक्य तिथेच राहिलं.
मी ड्रिल चालू केलं,
त्यांना गप्प राहायची सोय व्हावी म्हणून.
लोखंडाचा गरम कीस माझ्या बुटांवर पडत राहिला.

शुक्रवारी मेनिंडीच्या तळ्याकाठी पहिला मुक्काम.
पाण्यात उभी वाळकी झाडं, त्यांवर पाणकावळे.
आतला दिवा लागला, फ्रीज घुरघुरला,
बाबा काही बोलले नाहीत,
म्हणजे खूश होते.

रात्री दोनला जाग आली. त्यांची गादी रिकामी.
बाहेर अंधारात, टॉर्च न लावता,
वरच्या भोकापाशी तळहात धरून उभे.
काय करताय?
"जातेय का बघतोय."
लागतंय काही हाताला?
"नाही."
हात तसाच.
मी शाल आणून दिली आणि आत गेले.
पत्र्यापलीकडून बराच वेळ
तेच ऐकू येत होतं, आत, बाहेर,
मध्ये घरघर.

तिसऱ्या दिवशी पाहिलं तर खालच्या भोकात
कुंभारीण माशीने ओल्या मातीचं घर मांडलेलं,
निम्मं भोक बुजलेलं.
बाबांनी स्क्रूड्रायव्हरने ते खरवडून काढलं,
तिची जराशी माफी मागितली,
मला मात्र झापलं:
"जाळी कुठाय? जाळी विसरलो आपण!"

जवळचं दुकान सत्तर मैलांवर होतं.
म्हणून चहाची गाळणी कापली.
दोन्ही भोकांना पुरली.

तेव्हापासून चहात पत्ती येते.
बाबा थुंकतात, गाळणीला शिव्या घालतात,
श्वास घेतात,
आणि कप पुन्हा पुढे करतात.