घाण्याचं

खुस्पे दुपारी तीनला आले,
ठाकूरद्वारच्या सहकारी बँकेतून चालत,
खांद्यावर गोणपाटात बंदूक,
परवाना आतल्या खिशात, प्लॅस्टिकमध्ये.
"मोडतच नाही, ताई."
बाराबोअरची दुनळी. मोडायची म्हणजे
मधोमध उघडायची, काडतुसं घालायला.
आमच्या धंद्यात
बिघाड म्हणजे न मोडणं.

गुडघ्यावर आडवी घेऊन दाब दिला.
बिजागरीत डिंक साचलेला, पिवळा, नखाला चिकटणारा.
वास घेतला
आणि काळबादेवीच्या या बोळात, लोखंडाच्या भुग्यात,
मला एकदम भूक लागली.

"करडई?"
"घाण्याची!" खुस्पे खुर्चीतच सावधान झाले.
"म्हसवडहून मंडळी पाठवते. भेसळ नाही त्यात.
बाजारातल्या तेलाचा काय भरवसा?"

आता यांना कसं सांगायचं.
शुद्ध असणं वेगळं, लागू पडणं वेगळं.

अण्णा सांगत नसत, दाखवत.
चहाच्या पेटीचा पत्रा कापून
त्यावर ओळीनं थेंब ठेवत, खडूनं नावं लिहीत,
आणि वैशाखभर पत्रा खिडकीत.
खाऱ्या हवेला उलटतपासणी घेऊ द्यायची.
शिवणयंत्राचं तेल आठवड्यात पसार.
ग्रीसवर मूळजी जेठाची सगळी सुतं नि धूळ येऊन बसलेली.
गंज सोडवायचा फवारा
गंज सोडवतो आणि निघून जातो,
राखणीला थांबत नाही.
करडईवर साय धरे, दुधासारखी,
बोट लावलं की सुरकुतणारी.
एकच थेंब महिन्याअखेरीस होता तसा,
बिनरंगाचा, बिनवासाचा,
खाली पत्रा जसाच्या तसा चकचकीत.
"हा," अण्णा म्हणत. बस, एवढंच.

मी रॉकेलनं डिंक काढला, दात घासायच्या ब्रशनं.
खालून निघाला एक अंगठा.
घोड्याच्या बाजूला, पोलादात गंजून उतरलेला,
रेषा न् रेषा मोजता येईल असा.
खुस्पेंनी आपला अंगठा शेजारी धरून पाहिला.
"माझाच की."
"घाम आहे तो. मिठाचा.
ठेवताना फडकं फिरवत जा."

मग बाटली दिली, बोटाएवढी.
बिजागरीच्या खिळ्यावर ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं.
चापाला, घोड्याला हे तेल, सुईच्या टोकावर मावेल इतकंच,
दिसलं तर जास्त झालं म्हणून समजा.
दस्ता लाकडाचा, त्याला जवस चालेल,
तेवढं घरचं खुशाल लावा.
नळीत आतून पातळ हात,
आणि बार काढायच्या आधी पुसून कोरडी.

खुस्पे सगळं बँकेच्या जुन्या पावतीमागे लिहीत होते.
शेवटच्या ओळीशी पेन थांबलं.
"बावीस वर्षांत एकदाही काढला नाही.
पुसायची वेळ आली हे कळणार कसं?"

बोळात कुणीतरी हातगाडी उलटी वळवत होतं.
अण्णांच्या पत्र्यावर
या प्रश्नासाठी थेंब नव्हता.
मी बंदूक मोडून दाखवली.
एका बोटानं उघडली, मिटली,
कपाटाच्या दारासारखी, आवाज न करता.
त्यांनी स्वतः दोनदा केलं, मग तिसऱ्यांदा.
हसले. पुढचा एक दात नव्हता.

जाताना पिशवीतली अर्धी बाटली टेबलावर ठेवली.
"बंदुकीला नको तर तुम्हाला घ्या."

रात्री भाकरीवर लसणाची चटणी,
मधे बोटानं खळगा करून त्यात ती करडई.
हात तीनदा धुतले होते, साबणानं, मग राखेनं.
तरी पहिल्या घासाला
घाणा होता
आणि अगदी कडेला, पुसट,
बंदुकीचं ते तेल, ज्याला वास नसतो
असं मी दिवसभर सांगत होते.