शलाका पास देत नाही

वेंगुर्ल्याच्या आमच्या कोर्टावर
रिंगला रापणीचं जुनं जाळं बांधलंय.
रापणीत दोर ओढेल त्याला वाटा.
मोंडकर सर तेच सांगत आले:
फिरवा गं, चेंडू फिरवा.

फिरवला.
पाची जणी इतक्या सभ्य
की आधी तू, नको, आधी तू
करता करता
चोवीस सेकंद संपायचे.

शलाका केळुसकर तेवढी हावरट.
चेंडू आला की तिचाच.
दोघी अंगावर असल्या तरी उडी,
चुकला तरी पुन्हा हात पुढे.
मी तिच्याशी चार दिवस बोलले नव्हते.

कुडाळविरुद्ध, तिसऱ्या क्वार्टरात,
तिघी तिच्यावर धावल्या,
सुकत घातलेल्या बांगड्यांवर
घारी उतराव्यात तशा,
आणि डाव्या कोपऱ्यात मी एकटी,
इतकी एकटी
की सुटलेली नाडी बांधून झाली.

पास तिने तेव्हाही दिला नाही.
चेंडू रिंगवर आपटला,
जांभ्याची लाल धूळ अंगावर घेऊन
टप्पा खात माझ्याकडे आला.
आजूबाजूला कोणी नव्हतं.
टाकला.
जाळं हललं.

परत धावताना ती फणकारली,
"तो माझो होतो."

होतोच गो.