धुऊन वाळत घातलेले शब्द

येल बेटावर, रोबिनामावशीच्या ओट्यावर
ती डबी मीच बसवली,
नोव्हेंबरात, चार वाजायच्या आत काळोख होतो तेव्हा.
नजर गेलीय, निदान वेळ तरी विचारता येईल, म्हटलं.

पहिल्या दिवशी मावशी बोलली
मेंढ्यांशी बोलते, माझ्याशी बोलते तशीच:
काय गं, वारं सुटणार का आज रात्री?
क्षमस्व, मला समजलं नाही, डबी म्हणाली.
पुन्हा विचारलं. पुन्हा क्षमस्व.
तिसऱ्या खेपेला मावशीने एप्रन सोडला,
केस कानामागे सारले,
आणि स्कॉटलंडहून आलेल्या बाईंपुढे
लहानपणी उभी राहायची तशी ताठ उभी राहून
एकेक शब्द धुऊन, पिळून, सुटा वाळत घातला:
आज. रात्री. वाऱ्याचा. वेग. सांगा.

सांगा!
आमच्या बोलीत 'तू' आहे अजून,
इंग्रजीने कधीच मोडीत काढलेला.
कुत्र्याला तू, नवऱ्याला तू, समुद्रालाही.
डबीला तो चालत नाही.
लहान म्हणायला आमच्याकडे 'पीरी' म्हणतात,
पीरी कप, पीरी होडी, पीरी थांब.
मावशी पीरी म्हणाली
की डबी पेरू देशाचं हवामान सांगते.

हिवाळाभर मावशी शिकत राहिली.
र घोळवायचा नाही,
वाक्याचं शेपूट छाटायचं,
लोवरी गेला त्या वर्षीची गोष्ट मधेच काढायची नाही.
चुकलं की स्वतःलाच बोल:
माझंच तोंड जड झालंय गं.
डबी काय शिकली, मला दिसलं नाही.

मार्चमध्ये अन्स्टवरून ओसलाचा फोन आला,
साठ वर्षांची मैत्रीण.
मावशी ताठ झाली.
नमस्कार, ओसला. तुमची. तब्येत. कशी. आहे.

पलीकडे नुसता वारा.
मग ओसलाने हळूच विचारलं,
रोबिना, कोण गेलं?

मावशी हसायला लागली ती खोकला लागेपर्यंत.
आणि मग र घरंगळत आले,
तू आला, तुझं-माझं आलं,
कुणाची मेंढी अडलीय, कुणाचा जावई पितो,
लोवरीसुद्धा आला, होडीसकट.
मधेच ओट्यावर निळा दिवा लागला:
क्षमस्व, मला समजलं नाही.

मावशीने चाचपडत किटलीची लोकरी टोपी उचलली,
डबीवर घातली.
तुला नाही गं विचारत, म्हणाली,
तू पीरी थांब.