पंचफुला

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात
पहिली पंचफुला सापडते एक्कावन साली.
त्याआधी भागरथा, सायत्रा,
आणि एका ओळीत नुसतंच "मुलगी".
मग एकदम चार :
नागोशांची, शेंड्यांची, गहाण्यांची,
चौथीचं आडनाव वाळवीनं खाल्लेलं.

पाच फुलं कोणती, विचारत फिरले गावभर.
एक म्हणाली मोह, पळस, धानाचा फुलोरा,
आणि तिथंच अडकली.
दुसरी म्हणाली, लुगड्यावरचा छाप असंल.
बकाराम बुढा तेवढा हसला, बिनदातांचा :
"अवो बाई, मंडईत दंडार आली होती ना!
सोम्या नाच्या. त्याचं नाव होतं थे.
असा नाचला, असा नाचला,
का त्या सालच्या साऱ्या पोटुशा बाया…"

म्हणजे हे नाव गावात आलं
वस्तरा फिरवलेल्या ओठावर पावडर थापून,
चोळीत नारळाच्या करवंट्या घालून,
पहाटे बिडी ओढत बंडीत बसून गेलं,
आणि मागं ठेवल्या चार मुली.

पुढं रेडिओ आला तशा शोभा आल्या.
पंचफुला विरळ होत गेल्या,
बांधावरच्या लाखोरीसारख्या.

शेवटची सत्याऐंशीतली.
लाल शाईनं खोडून वर "पल्लवी".
अक्षर मोठ्या गुरुजींचं, हट्ट माझा.
चौथीत होते. पोरं पंजा दाखवून चिडवायची.
आई अजून पल्लवी म्हणत नाही.
पंचफुलाही म्हणत नाही.
"अवं" म्हणते.

आता त्याच रजिस्टरात मी लिहिते :
आराध्या, स्वरा, पुन्हा आराध्या.
बाप मोबाईल पुढं करतो,
"मॅडम, अर्थ पाहा न जी, लय भारी हाये."
मी अर्थ वाचते. भारी असतो.
दंडार कुणाच्याच नावात नसते.

परवा नागभीडच्या बाजारात
मागून खणखणीत हाक आली : "पंचफुले!"
भाजीवाली म्हातारी वळली.
मीही वळले, हातातली वांगी सांडून.

एक पोरगा दोरी ओढत होता.
दोरीला तांबडी शेळी,
पाठीवर पांढरे ठिपके.
मी मोजले.
चारच होते.