एकशे ऐंशी नंबर

टरफलाचं तेल पायावर सांडलं
ते मला वासावरून कळलं.

शेवंती ओरडली, "अगो, पाय जळता तुझो!"
मी खाली पाहिलं.
पाय माझाच होता, जोडवंही माझंच.
कातडी काळी पडत होती
आणि मी हातातली बी आधी फोडून पुरी केली.

सहावा महिना.
कारखान्यातल्या सगळ्याजणी सांगत होत्या,
पोर शिरेवर बसलंय, सरकेल.
सासूने एरंडाचं पान बांधलं.
उभादांड्याच्या रेतीत एक चप्पल पायातून गेली,
मी तशीच घरी आले,
उंबऱ्यावर मोजताना एकच भरली.

आशाताईने चावीने तळवा खरवडला.
अंगठा वर वळला, आणि तिचं हसू गेलं.
"पोर लाथ मारता?"
मारतं. बेंबीच्या वर.
"आणि खाली?"
मला वाटायचं, खाली ते झोपतं.

बांबोळीला मंगळसूत्र, पिना, जोडवी
सगळं उतरवून सासूच्या ओच्यात.
यंत्रात पत्र्यावर नारळ पडत राहिले,
अर्धा तास, एकाच झाडाचे.

डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे.
कॅन्सर नाही. मज्जारज्जूला चेपून बसलीय,
असेल पाच-सहा वर्षांची,
दिवस राहिल्यावर फुगली.
साधी म्हणजे आमच्यात रोजची साडी,
लग्नाकार्याला न नेसायची.
मी विचारलं, केवढी?
त्यांनी अंगठ्याचं टोक दाखवलं.
मनाने लगेच प्रत लावली: एकशे ऐंशी नंबर.
निर्यातीचा माल.

माझ्याच पेजेवर दोघं वाढली.
एकासाठी सगळं घर सरकत होतं.
दुसऱ्याने कुणाला काही विचारलं नाही.

सासू म्हणाली, "पोर ऱ्हवात मां?"
मी म्हटलं, मला परत मशीनवर बसता येईल का?
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.
घरवाला ट्रॉलरवर, मालप्याच्या पाण्यात,
फोन लागेना.
माझ्या सहीखाली सासूचा निळा अंगठा.

डाव्या कुशीवर झोपवलं.
कुणीतरी पोटाला थंड काहीतरी लावून
पोराचे ठोके ऐकवले,
टपटप, टपटप,
मग माझ्यापुरतं सगळं बंद.

तिसऱ्या रात्री पायात मुंग्या आल्या.
मुंग्यांच्या मागून आग,
काजूच्या तेलाची,
अठरा दिवसांपूर्वीची.
नर्स सुई घेऊन आली.
म्हटलं, थांब गो बाय, जरा दुखू दे.

गाठ बाटलीत घालून तपासायला गेली.
मला दाखवली नाही.
सोललेली असती तर रंगावरून
अजून काही सांगितलं असतं मी.

आता बेंबीच्या खाली तळहात ठेवून पडलेय.
लाथ हाताला लागते.
पोटाला अजून नाही.